लाल झाकण, जांभळं झाकण

ग्वान्त्सा, आधी झाकणांचे रंग शीक,
शब्द मागाहून येतील.

जांभळ्या नळीत रक्ताला साकळायची मुभा नाही.
सुई निघाली की हलकेच उलटी कर, आठ वेळा,
झोपल्या बाळाची कूस बदलावी तशी.
ही पेशी मोजायला.
हिरवीतही तेच. फिरवून घेतलीस की
वर पिवळसर तरंगतो तो प्लाझ्मा,
गोठूच न दिलेल्या रक्ताचं पाणी.

लाल झाकणाला मात्र काही करायचं नाही.
अर्धा तास उभी ठेव. साकळू दे.
गोठायचं ते गोठून झाल्यावर
उरतं ते सीरम.

दिसायला दोन्ही सारखीच.
लोक दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात,
मीही वापरायचे,
तामाज खाणीतून परतला नाही त्या हिवाळ्यापर्यंत.
सहा महिने मला सगळे हलवत राहिले:
जेव, बोल, कामावर ये.
मग आईने दार लावून घेतलं
आणि समोर नुसती बसून राहिली.
मी साकळले.
त्यानंतर जी उरले ती तुला शिकवतेय.

पॉझिटिव्ह म्हणजे सापडलं.
चांगलं सापडलं असं नव्हे.
म्हातारी दोदो दारातच हसायला लागली होती,
तिला दोनदा समजवावं लागलं,
दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

आणि उपाशीपोटी म्हणजे वाइनसुद्धा नाही.
चिआतुरात हे स्पष्ट सांगायचं.

आज वार्लाम येईल, वरच्या वस्तीतून, रोपवेने.
मँगनीजला गडद निळी नळी,
धातूचा कणही आतून न सुटणारी,
नाहीतर सुईचाच दोष त्याच्या रक्तावर जाईल.
मागचा आकडा आलाय: नॉर्मल.
नॉर्मल म्हणजे इतर पुष्कळांसारखा.
ते पुष्कळ कोण, कुठल्या गावचे,
त्यांनी किती वर्षं काळी धूळ गिळली,
कागदावर नसतं.

बाही खाली करताना
गेल्या खेपेला त्याला बटणाचं भोक सापडेना.
मी खिडकीकडे पाहत राहिले, त्याला लाज वाटू नये म्हणून.
चुकलं माझं.
थरथरीला रिपोर्टात रकाना नाही,
तू समासात लिही, पेन्सिलीने का होईना.

आणि हो, चिठ्ठी त्याच्यासमोरच चिकटव.
नाव मोठ्याने विचार, त्याला सांगू दे,
मग नळीवर घाल.
तोवर कापूस दाबून धर,
हात सोडू नकोस.