वाकडा पेला

तिचं नाव नीट म्हणायला
मला अख्खा पावसाळा लागला.
मिन-ग्योंग.
तोवर ती आमच्या भट्टीला
रोज सकाळी 'केम छो' विचारायला लागली होती.

जुलैत तिने बारा पेले भाजायला दिले
आणि रात्रपाळीत माझा डोळा लागला.
आच चढली. दार उघडलं तर
सात तडकलेले, चार बरे,
एक दारूड्यासारखा कलंडलेला.
मी म्हणालो, माती कच्ची होती.
ती काही बोलली नाही.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला संध्याकाळी हाक आली,
"शिर्केकाका, बसा."
फरशीवर धुतलेली चादर.
पायाला राख होती, तशीच मांडी घातली.

एकतीस वर्षं मी या कॉलेजात चहा आणतोय,
फाटकाबाहेरच्या लारीवरून, किटलीत.
सरांना आखी, मला अडधी,
तीही उभ्याने, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून.
माझ्यासाठी कुणी बसून चहा ओतल्याचं
आठवेना.

आधी तिने गरम पाण्याने पेले नुसते ऊबवले,
ते पाणी टाकून दिलं.
मग उकळलेलं पाणी चोचीच्या वाडग्यात निवत ठेवलं.
निवल्यावर काय मजा, मी म्हटलं.
"पान कोवळं आहे. भाजेल."
आचेचं मला कळतं. गप्प बसलो.

ओतताना पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अर्धं अर्धं,
परत येताना उरलेलं,
म्हणजे कुणाचा फिका नाही, कुणाचा कडक नाही.
मला पहिला दिला. दोन्ही हातांनी,
मी वयाने मोठा म्हणून.
वाकडा तिने स्वतःकडे ठेवला.

पेले पाच, माणसं दोन.
वडामागून चंद्र वर येत होता.
म्हणाली, तिकडे आज गेलेल्यांचा दिवस.
त्या विधीच्या नावातच चहा आहे,
पण लोक आता दारू ठेवतात.
तिची आजी मात्र चहाच ठेवायची.
"हा तिचा. हा आजोबांचा."
आणि हा?
"तुमच्याकडचं कोण?"

उद्यापासून आमचाही पंधरवडा.
दादा, मी म्हटलं. पंचमीला.
आणि मग, विचारलेलं नसताना,
त्या रात्री मी झोपलो होतो.

"माहीत आहे. मी येऊन बघून गेले.
तुम्ही दोन रात्री जागे होतात.
वाटलं, पेले काय, परत होतील."

पेला माझ्या हातात होता,
खाली ठेवायचा की प्यायचा ते कळेना.
प्यालो. आधी गवत, मग जरासं मीठ,
आणि गिळून झाल्यावर, बऱ्याच उशिरा,
गोड.

दादांना आवडला नसता.
त्यांना तीन चमचे साखर लागायची, आणि बशी.
त्यांचा पेला निवत गेला.
कावळ्यांची वेळ नव्हती.
एक पाकोळी काठावर येऊन बसली,
ती उडेपर्यंत
आम्ही दोघंही उठलो नाही.