उजवा ग्लोव्ह

वेंगुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे
किलोच्या भावात मिळाले पहिले सहा पेले,
बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं:
‘इनास लंच होम’. साल पुसट.
तिथून लागलं हे वेड.

काडेपेटीचा छाप दाभोलीच्या न्हाव्याने दिला,
बदल्यात माझी छत्री ठेवून घेतली.
छापावर ठोसा उगारलेला माणूस
आणि खाली, ‘बांगडा थाळी, बारा ते तीन’.

मग बिलबुकाचं एक पान:
‘तांडेल, दोन सुरमई, उधार’.
त्याखाली वेगळ्या शाईत, त्याच अक्षरात,
‘समुद्राने फेडले’.
हे काय, ते विचारायचा
धीर मला बंदरावर कुणापाशी झाला नाही.

फोटो आहे एक. नाक मोडलेलं, हसू शाबूत.
काचेआड खारी हवा शिरली
आणि समोरच्या गड्याला बुरशीने खाल्लं.
आता इनास लढतोय
एका पांढऱ्या डागाशी, एकटाच.

बायको म्हणते, अहो,
जेवलात तरी का कधी त्याच्याकडे?
नाही.
पोस्टात बदली होऊन मी इथे आलो
तेव्हा फळ्या लागून दोन वर्षं झाली होती,
आणि इनासला जाऊनही तितकीच.

डावा ग्लोव्ह सावंतवाडीच्या बाजारात सापडला,
शिवण उसवलेला, आत घोड्याचे केस.
उजव्यासाठी तीन पावसाळे हिंडलो,
शेवटी त्याच्याच घराच्या मागल्या दारी पोचलो.

रुझायबाई चुलीपाशी.
हातात तो,
तळव्याचा कोळसा झालेला,
अंगठ्यावर कोकमाचे डाग.
त्यानेच तिने रटरटता टोप उतरवला.

मी किंमत सांगितली.
मग दुप्पट.
तिने ग्लोव्ह न काढताच मनगटाने
डोळ्यांतला धूर पुसला:
“उजवो? तो अजून कामार आसा.
बस थंय. वाडतंय.”

बांगड्याचं तिखलं. भात. पेला माझ्याकडचाच वाटावा असा,
बुडाशी बोट फिरवून पाहिलं, होती टिंबं.
पहिल्या घासालाच तिरफळाने जीभ बधिर,
डोळ्यांपुढे काजवे.

मनातल्या मनात दहापर्यंत मोजले.
उठलो नाही.