पुन्हा वापरण्याजोगे

समाराच्या कारखान्यात रुफिना गलेयेवा
यादी करते, पुन्हा वापरता येईल त्याची.
कवच: हो. तिसऱ्यांदा भाजून आलंय,
बुडाला ओरेनबुर्गच्या माळाचा चिखल,
त्याला दवण्यासारखा उग्र वास.
पंखा: हो. कुरकुरतो, तेल द्यावं.
पाण्याची नळी बदलावी;
तिथे थेंब पडतच नाही,
तोंडाशी फुगून बसतो, चाटावा लागतो.

उंदरांच्या रकान्यात
तिने आडवी रेघ मारली.

मग चौदा नंबरचा पिंजरा.
भिंतींवर, तळाला, छतालाही
नखांचे बारीक ओरखडे.
खाली कुठे आहे, हे शोधत असावा.

ओरखडे घासून काढावेत, असा नियम.
रुफिनाने अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.
लिहिलं:
खोली नगण्य.
राहू द्यावेत.