काकपद

तीन वर्षं मी त्यांना चिमण्याच म्हणत होते.
कन्नमवार नगरातला तळमजल्याचा गाळा,
मागे कुंपणापर्यंत चार पावलं जमीन:
एक कढीपत्ता, फळ न धरणारं लिंबू,
बाकी सगळं गवत,
आणि भरतीच्या वेळी खाडीचा वास.

मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टर म्हणाले,
आता लांबचं बघा.
एकतीस वर्षं गिरगावात प्रुफं वाचली.
वेलांटी, उकार, तुटका अनुस्वार.
माझं जग हातभर अंतरावर संपायचं.

तर एक काडी वाकली, वारा नसताना.
मग तिच्या शेजारची.
तुऱ्याला लोंबकळत कोणीतरी बी सोलत होतं:
पाठ चहाच्या चोथ्यासारखी,
चोच पाटीच्या रंगाची, अडकित्त्यासारखी जाड.
ही चिमणी नव्हे.
पोटावर, पांढऱ्यावर,
एकाखाली एक, एकाखाली एक
काकपदं.

(छापखाना न पाहिलेल्यांसाठी:
शब्द राहून गेला की दोन अक्षरांमध्ये
कावळ्याच्या पायासारखी खूण करायची
आणि राहिलेलं समासात लिहायचं.)

अंगठ्याएवढं पाखरू,
त्याच्यात इतकं काय राहून गेलं असेल?

नाव सांगितलं कुंपणापलीकडच्या तांडेलांनी.
मनोली. ठिपकेवाली.
"आम्ही विकायचो, पोरवयात, मार्केटच्या मागे.
हिरवा रंग लावून.
पहिल्या आंघोळीत उतरायचा."
मग बराच वेळ
ते त्यांच्या तुळशीला पाणी घालत राहिले.
कुंडी भरून वाहिली तरी.

राऊळबाई त्यांना नाचणीचोर म्हणतात,
आणि सूप मात्र रोज गच्चीऐवजी
माझ्या पायरीवर वाळत घालतात.

मी शाळकरी वही केली.
दुसऱ्या पानावर पांढऱ्या कंठाची मनोली:
रुपेरी चोच, काळी टोकदार शेपटी,
पोट कोरं, धुतलेलं.
बसतात दाटीवाटीनं, तारेवर,
मधली उडाली की उरलेल्या सरकून जागा भरतात,
जुळाऱ्याच्या हातातल्या खिळ्यांसारख्या.

तिसऱ्या पानावर नुसतं प्रश्नचिन्ह.
साधी, तपकिरी, एकही खूण नाही.
चिमणी म्हणावी तर चोच तशी नाही.
भाद्रपदातले नऊ दिवस ते प्रश्नचिन्ह तसंच,
आणि दहाव्या सकाळी, लिंबावर,
ठिपकेवालीनं तिच्या वासलेल्या तोंडात
आपली अख्खी चोच घातली.
अगं बाई. पिल्लू!
अजून कोणी तपासलेलंच नाही.

त्याच आठवड्यात जिन्याखाली नोटीस लागली:
"मागील बाजूचे गवत शनिवारी काढण्यात येईल."
खाली देवरुखकरांची सही, वळणदार.
मी चष्मा पुसला. पर्समधलं लाल पेन अजून चालतं.
'शनिवारी' वर आडवी रेघ,
पुढे एक काकपद,
आणि समासात, आमच्या मालकांना आवडायचं तशा
बारीक, सरळ अक्षरात:
बी झडल्यावर.

देवरुखकरांनी वाचलं का, ठाऊक नाही.
शनिवार आला, गेला.
कोयता घेऊन एक मुलगा आला होता,
तांडेलांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं म्हणतात.

आज सकाळी गवत पुन्हा वाकलं.
तेच पिल्लू, अजून घास मागण्याची सवय गेलेली नाही,
पंख थरथरवतं, कोणी लक्ष देत नाही,
मग स्वतःच काडी ओढून बघतं.
त्याच्या पोटावर, डाव्या बाजूला,
पुसट, जवळजवळ नाहीच अशी,
पहिली खूण.

वही मांडीवर होती.
समासात मी काही लिहिलं नाही.