घड्याळ धरणारा

माझं काम सोपं आहे.
दोन मिनिटं मोजायची आणि घंटा दाबायची.
समोर काय चाललंय ते बघायचं नाही,
काटा बघायचा.
सत्तावीस वर्षं, दर मे महिन्यात,
क्योतोच्या या व्यायामशाळेत मी हेच करतो.
एरवी शाळेत भूगोल शिकवायचो. आता तेही नाही.

सकाळी दारातच सगळ्यांची नावं निघतात.
कमरेच्या पट्टीवरचं गाव, आडनाव, सगळं सुटतं,
त्या जागी येतो एक आकडा, एक अक्षर.
चौघांचा एक गट, वयाच्या क्रमाने.
सकाळी सेहेचाळिशीचे, ज्यांचे गुडघे अजून ऐकतात,
आणि जेवणानंतर, उंच खिडक्यांतलं ऊन फरशीवर कललं की,
पंचाहत्तरीचे.
अ आणि ब, ब आणि क, क आणि ड,
मग ड पुन्हा अ समोर.
जिंकायचं नसतं. हरायचंही नसतं.
मग करायचं काय, असं मी एकदा एका परीक्षकाला विचारलं.
तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला,
थांबता येतं का, ते बघतो आम्ही.
बिस्कीट तुटून कपात पडलं.

सात खुर्च्या, सात पेन्सिली.
आठवी श्रेणी. शंभरांत एक पडला पुढे, तर पडला.

मी बघत नाही, पण कान कोण झाकणार?
कच्च्या घावाचे तीन आवाज येतात:
आधी आरोळी, मग बांबू,
मग पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखं
मागून पाऊल.
पक्क्या घावाचा एकच.
असा आवाज दिवसभरात चारदा ऐकला
तर त्या रात्री मला झोप लागत नाही.

चारशे बारा, क.
नाव निघालं तरी मला माहीत आहे: कुरामोची,
माइझुरूच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा,
वय चौऱ्याहत्तर, खेप सोळावी.
ब संपला. लगेच ड समोर.
मी काटा सोडला.
आणि काहीच ऐकू येईना.
ना आरोळी, ना पाऊल,
फक्त दोन टोकं एकमेकांना घासून बघताहेत,
अंधारात कडी चाचपणाऱ्या बोटांसारखी.
अर्धं मिनिट. एक. दीड.
शेजारच्या मैदानावरचा गोंगाटही जणू लांब गेला.

मी वर बघितलं.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.
म्हातारा उभा होता. एवढंच.
उभा होता, आणि समोरचा
हळूहळू कमी होत होता.
मग समोरच्याचं टोक तांदळाएवढं हललं,
आणि आवाज आला.
एक.

मी खाली बघितलं. घंटा दाबली.
काटा दोनच्या पुढे चार सेकंद सरकलेला.

कुणी काही बोललं नाही.
सात पेन्सिली खाली वाकल्या.
मी काटा शून्यावर आणला,
पुरावा पुसायला एक बटण पुरतं.

तीन वाजता भिंतीवर कागद लागला.
चारशे दोन अ, आणि त्याखाली थेट
चारशे बारा क.
त्याने चष्मा काढून, नाक कागदाला लावून वाचलं,
मग चष्मा घालून पुन्हा.
दुसरी फेरी पलीकडच्या मैदानावर.
तिथे दहा परीक्षक, आणि घड्याळ माझं नाही.
संध्याकाळच्या कागदावर तो नव्हता.

जोडे घालायच्या जागी तो पायरीवर बसला होता,
नखं कापायच्या कात्रीने आकड्याची टीप उसवत,
जुनं कापड फाटू नये म्हणून एकेक टाका.
मी मान लववली. त्यानेही.
"यंदा," तो धागा दातांनी तोडत म्हणाला,
"पहिल्या फेरीची दोन मिनिटं मोठी होती."

तक्रार होती की आभार, कळलं नाही.
त्याने आकडा घडी करून खिशात ठेवला.
मी घड्याळ पेटीत ठेवलं, झाकण लावलं,
आणि पुन्हा उघडून पाहिलं,
चालू तर राहिलं नाही ना.