उलटं जहाज

पटाशीला धार लावताना मी बोलत नाही.
खिडकीखाली आव्हे नदी ओसरलेली,
चिखलात एक होडी कुशीवर पडलेली,
आणि टेबलावर नासपतीच्या लाकडाचा ठोकळा,
वीतभर उंच, दीड वीत रुंद.
एवढ्यात पाचशे वर्षांपूर्वीचं जहाज बसवायचं.

ती इथंच बांधली, असं विला दो कोंदमध्ये कुणीही सांगेल,
आणि हनुवटीनं धक्का दाखवेल.
माझे वडील, झेफेरिनो, त्याच धक्क्यावर
फळ्यांच्या फटींत काथ्या आणि डांबर ठोकायचे.
लहानपणी विचारलं होतं, जहाजं इतक्या लांब कशी गेली?
म्हणाले, "गळली नाहीत तोवर गेली."

आधी समुद्र कोरते.
लाट म्हणजे उचलून फेकलेलं लाकूड,
आभाळही तेच.
पायाशी भुसा साठत जातो,
समुद्राला नासपतीचा वास येतो.
मग तिरपं परबाण, त्रिकोणी शीड,
दोर इतके बारीक की श्वास धरावा लागतो.
एक तुटला. राहू दिला.
खऱ्या जहाजावरही तुटले असतील.

पाण्याखालचा भाग मात्र कोरला नाही.
शाळेच्या पुस्तकात तो कधी दिसायचा नाही,
तिथं निळा रंग असायचा.
तिथं पिंपं होती, उंदीर होते,
आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये
साखळीनं जोडलेली माणसं.
माझ्या ठोकळ्यावर तेवढं सपाट आहे.
रूळ फिरवला की सगळ्यात जास्त शाई
तेच पितं.

पहिला कागद सोलून काढला.
ठोकळ्यावर नाळ डावीकडे, समुद्राकडे.
कागदावर उजवीकडे, गावाकडे.
चाळीस वर्षं झाली, मला हे माहीत असतं,
तरी कागद उचलताना दर वेळी
कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं होतं.

शेजारची एर्मेलिंदा लेस विणता विणता उठून आली,
बोटांत अजून लाकडी रिळं.
तिचा नवरा कॉड पकडायला न्यूफाउंडलंडला गेला होता,
एकट्याच्या छोट्या होडीत, धुक्यात.
बराच वेळ ओल्या कागदाकडे बघून म्हणाली,
"हे येतंय."
"हो."
"मग ह्यावर माणूस का नाही?"

मी म्हटलं, बाई, लाकडात आता भर घालता येत नाही,
ह्यात नुसतं काढता येतं.
"मग काढ की," ती म्हणाली.

डोलकाठीच्या बुडाशी थोडा काळा तुकडा होता.
सगळ्यात लहान पटाशी घेतली.
डोकं, खांदे, एक हात काठीला धरलेला.
तांदळाएवढा माणूस,
लाकूड नाही तिथं उभा.

तीस कागद छापले. तिनं एकच नेला,
लेसच्या उशीखाली सपाट ठेवून.
बाकीचे जत्रेत विकते.
लोक चश्मा वर करून जवळून बघतात
आणि बोट ठेवून विचारतात,
इथं शाई लागायची राहिली का?