परिशिष्ट ड

थंडर बेच्या वाचनालयाचं तळघर,
दर गुरुवारी सहा ते नऊ.
बाहेर सरोवर काठापासून गोठत आलेलं,
धान्याची कोठारं दिवे नसलेल्या जहाजांसारखी उभी.
आत चार खुर्च्या, एका पायानं डुगडुगणारं टेबल,
आणि खेळ चालवणारी मी, म्हणजे
कुणी दार ढकललं तर
पलीकडे काय आहे ते सांगणारी.

नव्या नियमपुस्तकाच्या शेवटी परिशिष्ट आलंय :
पोटकुळ्या. पुढे कंसात, ऐच्छिक.
तुमचा ठेंगू नुसताच ठेंगू नको असेल
तर तो दिवेमालवा होऊ शकतो,
मीठफोड्या होऊ शकतो,
किंवा धुराड्याखालचा,
ज्यांच्या पणज्यांनी डोंगर सोडला
आणि शहरात विटा भाजल्या.
प्रत्येकाला एक शपथ, एक शिवी, एक न खाण्याचा पदार्थ,
शिवाय कशावर तरी अधिक एक.

अधिक एक मिळत असेल
तर ओवेन कुठल्याही पोटी जन्म घेईल.
त्यानं तीन पोटकुळ्या एकदम मागितल्या.

रेइनो लाहतीनेन, वय अडुसष्ट,
कागदगिरणीत एकतीस वर्षं.
नातवाला सोडायला यायचा.
नातू पोहायला जाऊ लागला, हा येतच राहिला.
त्यानं चष्मा कपाळावर चढवून यादी वाचली,
बोट फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं.
‘यातलं काहीच नाही, असं चालतं?’
चालतं, म्हटलं, कंसात लिहिलंय तसं.
‘मग कोरं ठेव.’

ओरिसिया पंधराची. तिनं स्वतःचीच रचली,
वहीच्या मागच्या पानावर, हिरव्या शाईत :
गावात उतरलेले एल्फ,
ज्यांना घरातलं बोलणं सगळं कळतं
पण जे उत्तर बाजारच्या भाषेत देतात.
फायदा काय यांना?
‘उणे एक,’ ती म्हणाली.
कशावर?
‘जेवायला बसल्यावर.’
असा नियम कुठं नाही. मी मान्य केला.

त्या रात्री विहिरीच्या तिसऱ्या पायरीखाली
ओवेनचा तिरंदाज मेला.
वीस बाजूंचा फासा टेबलाच्या डुगडुगत्या कोपऱ्यात गेला,
विचार केल्यासारखा थांबला,
आणि एक पडला.

रेइनो उठला. गुडघ्यामुळे वेळ लागला.
वाटलं, घरी निघाला.
त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं.

बाहेरच्या वाटेची पाटी तेवढी लाल.
बॉयलरची घरघर. कुणाच्या तरी बुटातलं वितळतं बर्फ.
त्या पानावर असंच आहे खरं :
दिवेमालवे मेलेल्याचं नाव घेत नाहीत,
त्याच्यापुरता एक दिवा घालवतात.
पण पुस्तक मिटलेलं होतं, माझ्या कोपराखाली.
‘आमच्यात असं करतात,’ अंधारातून तो म्हणाला.
कुठल्या आमच्यात,
डोंगरातल्या, की समुद्रापलीकडून आलेल्या,
की शेवटचा भोंगा कुणी वाजवायचा
यावर भांडलेल्या त्या पाळीतल्या,
मी विचारलं नाही.

बराच वेळ.
मग ओवेन : ‘मेलेल्यानं पिझ्झा खाल्ला तर चालतं का?’
हसू फुटलं, दिवा लागला,
सगळ्यांचे डोळे चोळून लाल.

आवरताना रेइनोच्या कागदावर, त्या कोऱ्या चौकटीत
पेन्सिलीनं मी लिहिलं : अंधारात ऐकणं, अधिक एक.
मग खोडलं.
जे असतंच, ते मी कोण देणारी.

बसथांब्यावर वारा कापत होता.
ओरिसियाचा फोन वाजला.
पलीकडून आई, लांबलचक, युक्रेनियनमध्ये;
जेवणाचंच काहीतरी असावं.
पोरगी ऐकत राहिली.
तोंड उघडलं, मिटलं.
वाफेचा एक ढग झाला आणि विरला.

मग एक शब्द. घरातलाच.
अडखळता, चुकीच्या जागी जोर दिलेला.
पलीकडे आई गप्प झाली.

उणे एक धरूनही
लागला असावा.